भिंगरीचे बूट आणि माझा डावा पाय

माझी चप्पल हरवली तो दिवस मला नीट सांगता येणार नाही, कारण ती हरवल्याचं मला कळलंच नव्हतं.

वडीगोद्रीच्या बाजारातून घरी येत होतो. आमची घोडी भिंगरी आणि तिच्या बाजूनं मी. तिच्या पाठीवर बांगड्यांच्या दोन पेट्या. उन्हं कललेली, माळावर वाळल्या गवताचा वास, आणि मी आपल्याच तंद्रीत. घरी पोचलो तर माझी बायको अनुसया दारात उभी राहून माझ्या पायांकडं बघायला लागली.

"एक चप्पल कुठाय?"

खाली पाहिलं. उजव्या पायात होती, डाव्यात नव्हती. मागं जाऊन शोधली तर अर्ध्या कोसावर ओढ्याच्या वाळूत पालथी पडलेली. एवढं अंतर काट्याकुट्यातून एक पाय उघडा चालला आणि मला पत्ता नाही. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढं आठ दिवस ती गोष्ट मी गावोगाव बायकांना सांगितली. घट्ट बांगडी हातावरून चढताना बाईचं लक्ष दुसरीकडं न्यावं लागतं, म्हणून कासाराजवळ गोष्टींचा साठा असावा लागतो. ही गोष्ट चांगली चालली.

ज्यांना नुकतंच डॉक्टरांनी "तुमच्या पायाला कळत नाही" असं सांगितलं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. माझी शाळा सातवीपर्यंत. औषधाचं मला विचारू नका, ते डॉक्टर सांगतील. मला चालण्याबद्दल थोडं कळतं, आणि घोडीबद्दल.

डोळे मिटून

पुढं अनुसयेला सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठसे दिसले. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत, सगळे डाव्या पायाचे. तळव्याला रुपयाएवढं भोक पडलेलं. दुखत नव्हतं, म्हणून मी हळद लावली आणि फेरीला गेलो. दोन महिने असेच गेले. दुखत नाही म्हणजे बरंच असणार, असं मला वाटायचं. तुम्हालाही वाटलं असेल.

गावात सरकारी तपासणीवाला आला तेव्हा अनुसयेनं मला हाताला धरून त्याच्यापुढं उभं केलं. माझ्या पोटरीवर एक फिकट डाग होता. आम्ही त्याला शिब समजायचो. त्यानं मला बाजेवर बसवलं आणि म्हणाला, "डोळे मिटा. मी पीस लावीन. जिथं कळेल तिथं बोट ठेवा."

डोळे मिटले. लिंबाच्या झाडावर पाखरं बोलत होती. चुलीवर भाकरी भाजल्याचा वास येत होता. मी वाट बघत राहिलो. इतका वेळ गेला की मला वाटलं, हा माणूस चहाला गेला. शेवटी डोळे उघडले तर तो पीस खिशात ठेवत होता.

"सुरू करा की," मी म्हणालो.

"झालं," तो म्हणाला.

अनुसया समोरच उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. पीस पोटरीवरून, घोट्यावरून, तळव्यावरून फिरलेलं आणि मी देवळातल्या माणसासारखा डोळे मिटून शांत बसलेला. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता. रोगाचं नाव ऐकायच्या आधी मी घाबरलो तो तिचं तोंड बघून. नाव ऐकल्यावर घाबरायला काही उरलंच नव्हतं.

नाव तुम्हाला ठाऊक आहे. दवाखान्यात त्याला कुष्ठरोग म्हणतात. गावात जे म्हणतात ते मी इथं लिहीत नाही.

वेगळा तांब्या

घरात आम्ही तिघं. मी, अनुसया आणि माझा धाकटा भाऊ दगडू. दगडूनं त्याच दिवशी माझा तांब्या आणि ताटली वेगळी केली आणि माझं पाण्याचं मडकं बाहेर चिंचेखाली नेऊन ठेवलं. मडक्यात पाणी तोच भरायचा, रोज, काठोकाठ. पण मी जवळ गेलो की दोन पावलं मागं सरकायचा.

याच दगडूला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. मला त्याचा राग आला आणि तो राग बरेच दिवस गेला नाही. आज बरा झालोय म्हणून शहाण्यासारखं लिहू शकतो. तेव्हा त्या मडक्याला लाथ घालावीशी वाटायची.

दवाखाना

जालन्याच्या अलीकडं, डांबरी सडकेपासून आत, लिंबांच्या झाडीत तो दवाखाना होता. डॉक्टरीणबाई उंच, किडकिडीत. त्यांनी पाय हातात घेतला, उघड्या हातात, आणि म्हणाल्या, "गोळ्यांनी रोग जाईल. जखम पायावर भार दिला नाही तरच जाईल. हाडापर्यंत पोचली तर पाय कापावा लागेल. आत्ता हाड वाचलेलं आहे."

"कासाराचा पाय हाय बाई," मी म्हणालो. "चालल्याबिगर पोट न्हाई भरत."

"म्हणूनच सांगते आहे."

आमच्या धंद्याची एक रीत आहे. बांगड्या लादलेल्या घोडीवर कासार बसत नाही. काच फुटते. घोडी चालते, कासार चालतो. घोडीला नालही मारत नाहीत. नाल मारलेली घोडी खडकावर घसरते, हिसके देते, आणि घरी पोचेपर्यंत पेटीत नुसता चुरा उरतो. म्हणून कासाराची घोडी अनवाणी. तिच्या चार पायांवर आणि कासाराच्या दोन पायांवर आमचा सगळा संसार उभा असतो. त्यातला माझा एक पाय आता डॉक्टरीणबाईंच्या हातात होता.

पायाला गुडघ्यापर्यंत पांढरं प्लास्टर घातलं. सहा आठवडे खाटेवर.

त्या सहा आठवड्यांत मी आयुष्यात चाललो नाही एवढा चाललो. दुपारी वॉर्डात सगळे निजले की खिडकीतून लिंबाची सावली भिंतीवर यायची आणि हळूहळू सरकत राहायची. मी डोळे मिटून भिंगरीला सोडायचो. वाडीतून निघून ओढा ओलांडायचा, मारुतीच्या मागची पायवाट, मग ज्वारीतून खाली. पेट्यांमधल्या बांगड्या एकमेकींना लागून बारीक आवाज करत असायच्या. घोडी जसं पाऊल टाकी तसा तो आवाज. दार येई, बाई येई, हात येई. हिरव्या, लाल, मधूनच एखादी निळी मागायची. एका दुपारी मी तीन गावं करायचो आणि चहाची घंटा झाली की परत खाटेवर. गंमत अशी की त्या फेरीत माझ्या दोन्ही पायांना सगळं कळायचं. वाळू गरम लागायची, ओढा गार.

शेजारचा म्हातारा एकदा म्हणाला, "कासार, झोपेत पाय हालवून राह्यलास. प्लास्टर फुटंल."

सकाळचा कार्यक्रम सगळ्यांचा ठरलेला. घंटा झाली की बादलीत पाय बुडवून बसायचं, कडक कातडी दगडानं घासायची, तेल लावायचं, मग आरशात तळवा बघायचा. दाढी न करणारे लोकही आरशावरून भांडायचे. मला प्लास्टर असेपर्यंत एकाच पायाचं काम होतं. अनुसया भेटीला यायची तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलं की रोज संध्याकाळी तळव्यावर हात ठेवून बघायचं. एखादी जागा बाकीच्यापेक्षा गरम लागली तर आत काहीतरी बिघडतंय. पायाला कळत नाही ते हाताला कळतं. अनुसयेनं ते इतकं मनावर घेतलं की ती शेजारच्या म्हाताऱ्याचा पायही तपासून गेली.

सोनाजी

दवाखान्याच्या मागं लिंबाखाली एक पत्र्याची शेड होती. तिथं सोनाजी बसायचा. पिंपळगाव रेणुकाईचा. बारा वर्षांपूर्वी इथं रोगी म्हणून आला, बरा झाला, चपला शिवायला शिकला आणि परत गेला नाही. त्याची दोन बोटं आखडलेली होती, पण आरी अशी चालवायचा की बघत राहावं. पहिल्याच दिवशी त्यानं "जयभीम" म्हणून चहा पुढं केला. बशीतून अर्धा स्वतः प्यायला, उरलेला मला दिला. घरच्या वेगळ्या तांब्यावरून आलेला मी. ती बशी मी दोन्ही हातांनी धरली. उरलेला चहा पिऊन टाकला.

प्लास्टर निघालं, जखम भरली होती. सोनाजीनं माझ्या मापाच्या चपला केल्या. तळाला टायर, वर मऊ रबर, मागं पट्टा. एकही खिळा नाही, सगळं शिवलेलं आणि चिकटवलेलं. खिळा वर आला तर आपल्याला कळत नाही, म्हणून.

घातल्या. काही घातल्यासारखं वाटेना.

"ढिल्या हायेत," मी म्हणालो.

"बराबर हायेत."

"घातल्यावानी वाटत न्हाईत, सोनाजीभाऊ. जरा घट्ट द्या."

तो हसला नाही. आरी खाली ठेवून म्हणाला, "हितं येणारा जो तो घट्ट मागतो. काहून, सांग. आपल्या पायाला हलकं कळत न्हाई. चावंल तवा कुठं जरा कळतं. म्हंजी चावणारी चप्पल आपल्याला बराबर वाटती. समजलं का?"

"समजलं," मी म्हणालो.

समजलं नव्हतं. शेडच्या मागं जाऊन मी पट्टा तीन भोकं आवळला. आता पाय आपला वाटायला लागला. मी खुशीत एक चक्कर मारली.

भिंगरीचं काय झालं

मला न्यायला दगडू आला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभा, हातात भिंगरीचा दोर. आत यायला तयार नाही. मी फाटकाशी गेलो आणि आधी घोडीच्या गळ्याशी तोंड नेलं. मग खाली पाहिलं. तिचे पुढचे दोन्ही खूर फुटलेले होते. कडा तुटून गेलेल्या, एका खुराला उभी चीर. ती एक पाय टाकत होती आणि दुसरा विचार करून टाकत होती.

"काय केलंस रे हिला?"

दगडू जमिनीकडं बघून बोलला. "सडकेच्या कामावर लावली व्हती. खडी वाहायला. मंग खूर झिजले म्हणून नालबंदाकडं नेली. त्यानं खिळे ठोकले अन् कडा फुटल्या. आता तो म्हणतो, खिळा धरायला जागाच न्हाई."

"कासाराची घोडी खडीवर?"

"घरात काय शिजवायचं व्हतं, दादा? तू हितं, वहिनीच्या हातून कोणी बांगडी भरंना. सांग ना, काय शिजवायचं व्हतं?"

तरी मी त्याला नको ते बोललो. तो ऐकून घेत राहिला, दोन पावलं लांबून.

डॉक्टरीणबाईंनी मला सोडताना अट घातली होती. डोक्यावर ओझं बिलकुल नाही, दिवसाला थोडंच चालणं, मधे मधे बसणं. त्या पायाला पुन्हा जखम झाली तर दुसऱ्यांदा वाचवायची हमी त्या देत नव्हत्या. म्हणजे पेट्या भिंगरीनंच वाहायला हव्यात. आणि भिंगरीला चालता येत नव्हतं. तिचे खूर पुन्हा वाढायला वर्ष जाणार. तोवर पोटासाठी पेटी माझ्याच डोक्यावर येणार, आणि पाय जाणार. मला हे एका नजरेत दिसलं.

मी मागं वळून शेडकडं गेलो. "सोनाजीभाऊ," मी म्हणालो, "घोडीची चप्पल करता का?"

सोनाजी फाटकापर्यंत आला. भिंगरीभोवती एक फेरी मारून तो स्वतःशीच म्हणाला, "ही बी आपल्यातलीच. हिला बी खिळा चालत न्हाई."

पहिले आणि दुसरे

पहिले बूट त्यानं दोन दिवसांत केले. खूर उचलून कागदावर ठेवला, पेन्सिल फिरवली. तळाला टायर, वर जाड कापड, दोन वाद्या. भिंगरीनं चार पावलं टाकली आणि बूट फिरून पुढचा भाग मागं गेला. पाचव्या पावलाला तिनं एक झटकून दिला, तो फाटकावर आपटला. दगडूला हसू आलं. ते दाबायला त्यानं तोंड फिरवलं.

दुसरे बूट त्यानं खूर हातात उचलून मापले आणि लहान केले. हे बसले. तरी मला ते ढिले वाटले. घरी आल्यावर मी वाद्या ओढून आणखी आवळल्या, कारण घट्ट म्हणजे बराबर हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. अनुसया म्हणाली, "तिला विचारा तरी." मी म्हणालो, "घोडीला काय विचारायचं?"

आठव्या दिवशी बाजाराला निघालो. अनुसयेला ताप होता, म्हणून एकटाच. काय सुख होतं ते. टायरचा मऊ आवाज, पेट्यांतली किणकिण, समोर उन्हात हलणारी सडक. वॉर्डातल्या दुपारच्या फेरीसारखंच सगळं. मी खाटेवर आहे की रस्त्यावर, याचा मधेच विसर पडायचा. दोन कोस कसे गेले कळलं नाही.

वडीगोद्रीच्या अलीकडं भिंगरी थांबली. पुढचा उजवा पाय उचलला आणि तसाच धरून उभी राहिली.

"चल, नखरे नको."

ती चालेना. दोर ओढला, थोपटली, शिवी दिली. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि पाय खाली टेकवला नाही. चिडून मी बाभळीखाली बसलो आणि बूट सोडला. खुराच्या मागची मऊ गादी सोलून लाल झाली होती.

मी तिच्या त्या जखमेकडं बघत बसलो. तिला दुखलं, म्हणून ती थांबली. साधी गोष्ट. मग माझं लक्ष माझ्या चपलांकडं गेलं. दोन कोस मीही चाललो होतो.

तीन भोकं आवळलेला माझा पट्टा मी सोडला. डाव्या टाचेच्या मागं कातडी निघून गेली होती. चपलेत रक्त साचून चिकट झालेलं. आणि मला काही नाही. काहीच नाही. मी त्या जागेवर बोट दाबून पाहिलं, जोरात, निदान एवढं तरी कळावं म्हणून. आयुष्यात मी देवाकडं खूप काही मागितलं असेल. त्या दुपारी मी फक्त दुखणं मागितलं.

बाजारातून परतणाऱ्या एका गाडीवाल्यानं मला उचलून बैलगाडीत घातलं. भिंगरी मागं बांधली, अनवाणी, मोकळी. ती बरी चालत होती.

गुलाल

पुन्हा तोच वॉर्ड, तीच भिंत, तीच सावली. डॉक्टरीणबाईंनी टाच बघितली, खोल तपासली, आणि पुन्हा पहिल्यापासून बघितली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. शेवटी म्हणाल्या, "वरवरच आहे. यावेळी."

त्या "यावेळी"नं मला रडवलं. चाळिशीचा माणूस, पांघरूण तोंडावर घेऊन रडलो. शेजारी आता नवा रोगी होता, त्यानं दुसरीकडं बघत असल्याचं सोंग केलं. ही सुद्धा दवाखान्यातली एक दया आहे. कोणी रडत असेल तर असंच करा.

सोनाजी खाटेशी आला. मी कबूल केलं, पट्टा मीच आवळला होता, तिच्या वाद्याही मीच.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "मी बी आवळला व्हता. हाताची दोन बोटं रोगानं आखडली, पायाची तीन त्या आवळण्यानं गेली." त्यानं चप्पल काढून दाखवलं. त्यानं हे मला आधी का दाखवलं नाही, असं मी विचारलं. "तू समजलं म्हणाला व्हतास ना," तो म्हणाला.

दगडूला निरोप गेला. तो भिंगरीला घेऊन आला आणि पुन्हा फाटकाबाहेरच थांबला. घोडीचे पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, आणि बाहेर दगडू. अशा अवस्थेत माप घेतलं. यावेळी सोनाजीनं खूर उचलला नाही. ओल्या मातीचा चिखल पसरला आणि भिंगरीला त्यावर पूर्ण भार देऊन उभी केली. भार पडला की खूर पसरतो. उचलल्यावर तो लहान दिसतो. दुसऱ्या बुटांत हेच चुकलं होतं. "माणसाचं पण तसंच," सोनाजी म्हणाला आणि मलाही चिखलात उभं केलं. फाटकात आमचे ठसे शेजारी शेजारी उमटले.

बूट झाले तेव्हा त्यानं आत घोंगडीचा तुकडा शिवला होता. मग त्यानं एक युक्ती केली, ती मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. बुटाच्या आतून गुलाल पसरला, घोडीला थोडं चालवलं आणि बूट काढला. जिथं बूट जास्त लागत होता तिथं खुरावर गुलाल दाट उठला. बुटाचं तिथलं थोडं कापलं. पुन्हा गुलाल, पुन्हा चालवलं. तीनदा. भिंगरी पुढच्या पायांनी गुलाबी झाली. मग माझी पाळी. माझ्या टाचेला गुलाल कुठं लागतो ते बघून त्यानं माझा पट्टा बसवला आणि जास्तीची भोकं बुजवून टाकली.

"आता घाल. काय वाटतं?"

"घातल्यावानी वाटत न्हाई."

"हे ध्यानात ठेव," सोनाजी म्हणाला. "असंच वाटलं पायजे. बसली का न्हाई ते पायाला विचारायचं न्हाई. डोळ्याला विचारायचं."

दगडू फाटकाबाहेरून हे सगळं ऐकत होता.

घरी

त्यानंतर मी नियम केला. भिंगरी थांबली की मीही थांबायचं. तिचे बूट काढायचे, खूर बघायचे, मग माझी चप्पल काढायची, आरसा धरायचा. ती थांबली नाही तरी दर गावाच्या वेशीवर थांबायचं. लोक हसायचे. कासार आणि घोडी वेशीवर बूट काढून बसलेत म्हटल्यावर हसणारच. संध्याकाळी घरी अंगणात अनुसया माझा पाय मांडीवर घेऊन तळव्यावर हात ठेवायची. दगडू घराच्या दारातून बघत असायचा. तांब्या अजून वेगळाच होता. मी ते बोलणं सोडून दिलं होतं.

काही दारं बंद झाली, काही उघडली. बांगड्या अनुसया भरायची, मी रंग काढून द्यायचो आणि गोष्टी सांगायचो. माझ्या हातांना रोगानं हात लावला नव्हता, तरी मी ते पुढं करत नव्हतो. पायाचं एकदा नक्की होऊ दे, मग बाकीचं बघू, असं मनाशी ठरवलं होतं. पूर्ण फेरी, तीन दिवसांची, एकदा करून पाय शाबूत घरी आला तर मी कासार. नाही तर नाही.

ती फेरी दिवाळीनंतर केली. तिसऱ्या दिवशी शेवटच्या गावात लग्नघर होतं. तिथल्या बायकांनी अनुसयेला ठेवूनच घेतलं, सगळ्यांना बांगड्या भरायच्या होत्या. ती म्हणाली, तुम्ही घोडी घेऊन पुढं व्हा, मी उद्या येते. मी निघालो. वाटेत दुसरं गाव नव्हतं, आणि भिंगरी एकदाही थांबली नाही. शेवटचा कोस धुळीतून, सोनेरी उजेडात, मी चालतोय की कोणीतरी मला चालवतंय हे मला समजत नव्हतं. घर दिसलं तेव्हा आठवलं, आरसा अनुसयेच्या पिशवीत राहिला.

दगडू अंगणात होता. त्यानं पेट्या उतरवल्या. भिंगरीचे बूट सोडले, तिच्या पायाच्या नळीवर थाप मारून म्हणाला, "पाय." तिनं दिला. त्यानं खूर मांडीवर घेऊन बारकाईनं बघितला, मागच्या गादीवरून अंगठा फिरवला. मग दुसरा.

"बराबर हायेत," तो म्हणाला. "वहिनी कुठाय?"

"लग्नघरी. उद्या येईल."

"मंग तुझा पाय कोण बघंल?"

"बघू उद्या."

मी ओट्यावर बसलो होतो. चप्पल काढायची हिंमत नव्हती. तीन दिवसांचं चालणं त्या चपलेत होतं, आणि आत काय असेल ते मला सांगायला माझ्याजवळ कोणी नव्हतं. दगडू जरा वेळ घोडीजवळ उभा राहिला. मग आला आणि माझ्या समोर जमिनीवर बसला. इतक्या जवळ तो दीड वर्षात आला नव्हता. त्यानं माझ्या नळीवर थाप मारली, घोडीला मारतो तशीच.

"पाय."

मी दिला. त्यानं पट्टा सोडला, चप्पल बाजूला ठेवली आणि पाय उजेडाकडं वळवला. टाच बघितली, बोटांच्या मधे बघितलं. मग हाताची धूळ धोतराला पुसून सगळा पंजा माझ्या तळव्यावर टेकवला, अनुसया टेकवते तसा, आणि डोळे मिटून थांबला.

"थंड हाय, दादा," तो म्हणाला. "सगळीकडून सारखा थंड हाय."

मी मान हलवली. पाय बघून झाला होता, आता तो खाली ठेवायला हरकत नव्हती. दगडूनं ठेवला नाही. तो तसाच मांडीवर धरून बसला, दोन्ही हातांनी. त्याचे हात मला कळत नव्हते. मी ते बघत राहिलो.